आधी वाफेला गिऱ्हाईक, मग वीज

गेल्या रविवारी वसमतकडच्या दोन पोरांचा फोन आला, शेतकरी उत्पादक कंपनी काढलीय त्यांनी, कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेला. म्हणाले, काका, आमच्याकडं सोयाबीनचं कुटार आहे, तुरीच्या तुराट्या आहेत, कापसाची पऱ्हाटी तर लोक बांधावर पेटवून देतात, तर दोन मेगावॅटचा बायोमास प्लांट टाकायचा विचार आहे, तुम्ही साखर कारखान्यात चिपाडावर वाफ आणि वीज करणारं कोजन उभं केलंय ना, सांगा की कसं करायचं. मी पहिलाच प्रश्न विचारला, वाफेचं काय करणार? "वाफ टर्बाइनला जाणार की काका." म्हणलं हो, पण टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर? तिकडं एकदम शांत झालं. तासभर बोललो तरी फोनवर काय नीट सांगता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितोय, त्यांच्यासाठी आणि असा विचार डोक्यात असलेल्या बाकीच्यांसाठी पण.

मला हा विषय कॉलेजात कळला नाही, तो कळला आमच्या गुऱ्हाळावर. आम्ही कोल्हापूरकडचे, वडील आणि चुलते मिळून गुऱ्हाळ चालवायचे. चरकातून रस काढला की चिपाड बाहेर पडायचं, ते आया-बाया आणि आम्ही पोरं खळ्यावर पसरायचो, ऊन खाऊन खडखडीत वाळलं की चुलवाणात. वर काहिलीत रस रटरटतोय, भेंडीची झाडं ठेचून त्याचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढायची, गुळव्या पाण्यात थेंब टाकून बघतोय पाक झाला का. वडील एक गोष्ट सारखी म्हणायचे, की चुलवाण चांगलं बांधलंय का नाही हे ओळखायचं असेल तर हंगामात बाहेरून लाकूड विकत आणावं लागलं का ते बघ. ज्या उसाचा रस त्याच उसाच्या चिपाडावर आटला पाहिजे. आमच्या चुलवाणाला लाकूड लागायचं, शेजारच्या गुऱ्हाळाला नाही लागायचं, आणि यावरून घरात दरवर्षी भांडण व्हायचं. मग एका उन्हाळ्यात शेजारच्याच गवंड्याला बोलावून चुलवाण मोडून परत बांधलं, धूर जायचा बोगदा लांब केला, आणि पुढच्या साली लाकडाचा खर्च जवळजवळ गेलाच.

कारखान्याचं कोजन म्हणजे, मराठीत आपण सहवीज म्हणतो, याच चुलवाणाचं मोठं रूप आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो चिपाड पडतं, कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. त्यात निम्मं पाणी असतं, तरी ते वाळवत न बसता ओलंच बॉयलरला जातं आणि किलोला सव्वादोन किलोच्या आसपास वाफ देतं. आता दुसरी बाजू बघा. गिरणीतून निघालेल्या रसात शंभरातले पंच्याऐंशी भाग पाणी. हे पाणी उडवल्याशिवाय साखर होत नाही, म्हणजे वीज करा नाहीतर नका करू, वाफ तुम्हाला लागणारच आहे, रात्रंदिवस, हंगामभर. आणि रस आटवायला लागणारी वाफ कमी दाबाची चालते, चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास प्रेशर, सव्वाशे डिग्री वगैरे. मग असं करायचं की बॉयलरमध्ये वाफ खूप जास्त दाबाची तयार करायची, तिला आधी टर्बाइनमधून खाली उतरवायची, उतरताना ती टर्बाइन फिरवते, त्यातून वीज होते, आणि खाली येईपर्यंत तिचा दाब रस आटवायला पाहिजे तेवढाच उरतो. एकच वाफ दोन कामं करते. सगळी गोष्ट एवढीच आहे, बाकी सगळं लोखंड.

पूर्वी कारखान्यांना हे जमत नव्हतं असं नाही, गरज नव्हती. आमच्याकडं २१ किलो प्रेशरचे तीन जुने बॉयलर होते, आणि त्या काळी उरलेल्या बगॅसचं करायचं काय हाच प्रश्न असायचा, थोडं कागद कारखान्याला जायचं, बाकीचे ढीग यार्डात, उन्हाळ्यात आत आपोआप तापून धुमसायला लागायचे. म्हणून बॉयलर जाणूनबुजून जास्त खाणारे असले तरी कुणी काय म्हणत नव्हतं. वीज विकत घ्यायचा सरकारी दर आला, साखर विकास निधीतून कर्ज मिळायला लागलं, तेव्हा हिशोब बदलला. आज महाराष्ट्रात बगॅसवरच्या सहविजेची क्षमता अडीच हजार मेगावॅटच्या वर आहे, आणि यातला जवळजवळ सगळा पसारा खेड्यात, उसाच्या रानात उभा आहे, हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं.

आमचा प्रकल्प २०११ चा. कारखाना सहकारी, रोजचं गाळप साडेतीन हजार टन. नवा बॉयलर ताशी ८० टन वाफेचा, ८७ किलो प्रेशर, ५१५ डिग्री, आणि १५ मेगावॅटचं टर्बाइन. हंगामात त्यातली सहा एक मेगावॅट कारखान्यालाच लागायची आणि नऊच्या आसपास बाहेर जायची. मी मेकॅनिकल बाजूला होतो, इरेक्शनपासून पहिला हंगाम संपेपर्यंत त्या आवाराच्या बाहेर फार पडलोच नाही म्हणा, पोरगी तेव्हा पहिलीत होती, तिचं गॅदरिंग बघायला गेलो नाही ते ती अजून काढते.

पैसा कसा उभा राहिला ते थोडक्यात, बँकेचं कर्ज, साखर विकास निधी, आणि सभासदांच्या ऊस बिलातून टनाला पन्नास रुपये कपात. ही कपात सर्वसाधारण सभेत मंजूर करायची होती. मंडपात हजारभर लोक, एक म्हातारे सभासद उठले, धोतर, टोपी, हातात काठी, म्हणाले, "साहेब, चिपाड आमचं, कपात आमची, वीज तयार होणार आमच्या शिवारात, मग गावात आठ-आठ तास लोडशेडिंग का?" टाळ्या पडल्या. स्टेजवरून उत्तर आलं की एकदा प्रकल्प झाला की परिसर चोवीस तास उजळून निघेल. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला माहीत होतं हे होणार नाही. आपली वीज १३२ केव्हीच्या लाईनवर चढते, ग्रिडमध्ये मिसळते, तिथून कुठल्या फिडरला किती द्यायची ते कारखान्याच्या हातात नसतं. त्या दिवशी कुणीतरी उभं राहून साध्या भाषेत हे सांगायला पाहिजे होतं, की दादांनो दिवा लागणार नाही पण उसाच्या दरात फरक पडेल, आणि तो किती पडेल ते दरवर्षी आम्ही कागदावर दाखवू. मी नाही बोललो. पुढं प्रकल्प सुरू झाला, गावात लाईट जातच राहिली, आणि लोकांच्या मनात जो कडवटपणा बसला तो कमी व्हायला लई वर्षं गेली. पोरांनो, तुमच्या गावात प्लांट टाकायचा असेल तर पहिल्याच सभेत खोटं आश्वासन देऊ नका, बॉयलरला ट्यूब गळती झाली तर वेल्डर येऊन दुरुस्त करतो, याला वेल्डर नाही.

बांधकामाचं सगळं सांगत बसलो तर दिवस जाईल. चिमणी स्लिपफॉर्मने केली, म्हणजे साचा हळूहळू वर सरकत राहतो आणि काँक्रीट थांबवायचंच नाही, वीस-बावीस दिवस रात्रंदिवस, पाऊस आला तरी ताडपत्री धरून काम चालू. लाईनच्या टॉवरवरून शेतकऱ्यांशी वाद झाले, एकाच्या ठिबकच्या मेन पाईपवरच टॉवरचा पाया येत होता, शेवटी नकाशा बदलला, चार महिने गेले. बॉयलरची हायड्रो टेस्ट झाली, बाष्पके संचालनालयाचे इन्स्पेक्टर आले होते, दीडपट दाबाला पाणी भरून ठेवायचं आणि एकेक वेल्ड हाताने, टॉर्चने बघायचा, दोन जॉइंटला घाम सुटल्यासारखं पाणी दिसलं, ते परत केले. मग अग्निप्रदीपन, चेअरमन साहेबांनी सपत्नीक पूजा केली, नारळ फुटला, लाकडाचा मंद जाळ घालून आतलं विटांचं अस्तर आठवडाभर वाळवलं. इथपर्यंत सगळं बऱ्यापैकी कागदावर होतं तसंच झालं.

पण स्टीम ब्लोइंगबद्दल सांगितलंच पाहिजे. नवीन बॉयलरच्या पाईपांत वेल्डिंगचे कण, गंज, लोखंडाचा चुरा असतो. तो टर्बाइनमध्ये गेला तर पाती खलास, मिनिटाला हजारो फेरे फिरणाऱ्या पात्यावर बारीक कण पण गोळीसारखा बसतो. म्हणून टर्बाइन जोडायच्या आधी पाईपचं तोंड बाहेर मोकळ्यावर काढायचं, बॉयलरमध्ये दाब चढवायचा आणि व्हॉल्व्ह एकदम उघडायचा. वाफ जी सुटते ती सगळा कचरा घेऊन सुटते. पाईपच्या तोंडाशी घासून आरशासारखी केलेली धातूची पट्टी लावतात, टार्गेट प्लेट. ब्लो झाला की पट्टी काढायची आणि उन्हात तिरपी धरून बघायची, किती खड्डे पडलेत, किती खोल. पहिल्या पट्टीवर देवीचे व्रण असावेत तशी दाटी होती. मग पाईप थंड होऊ द्यायचा, परत दाब, परत ब्लो, परत पट्टी, दिवसाला आठ-दहा वेळा. पट्टी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत हे चालतं.

आणि आवाज. विमान डोक्यावरून जाण्यापेक्षा वाईट, पाच-सहा किलोमीटरवर ऐकू जातो. आम्ही आदल्या दिवशी रिक्षा फिरवली होती, लाऊडस्पीकरवरून सांगितलं होतं घाबरू नका, स्फोट नाही, बॉयलरची सफाई आहे. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर दहा-बारा बायका उभ्या. त्यातल्या एक मावशी पुढं आल्या, म्हणाल्या, "साहेब, आवाज काय आम्ही सोसतो, पर म्हशी पान्हा चोरायल्यात. सकाळचं दूध निम्म्यावर आलंय. डेअरीला काय घालू मी?" सहा महिने आम्ही कागदावर वेळापत्रकं आखत होतो, त्यात धारेची वेळ कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात ब्लो नाही. कमिशनिंगवाल्यांनी जरा कुरकुर केली, दोन दिवस जास्त लागले, लागू देत. नंतर त्या मावशींच्या घरी मी चहा पण घेऊन आलो, शेवटची पट्टी दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांनी बोट फिरवून बघितली आणि म्हणाल्या, गुळगुळीत झाली की आता. माझ्याकडं ती पट्टी अजून आहे.

टर्बाइन फिरलं, ग्रिडशी जोडलं गेलं, ती रात्र पण विसरण्यासारखी नाही. ग्रिडशी ताल जुळला का ते दाखवणारा सिंक्रोस्कोपचा काटा हळू फिरत बारावर येतो आणि नेमक्या त्या क्षणाला ब्रेकर जोडला जातो, सगळे श्वास रोखून. पण त्याचे फोटो सगळ्यांकडं असतात, म्हणून ते जाऊ दे. मला सांगायचंय ते जानेवारीतल्या एका रात्रीचं.

८७ किलोच्या बॉयलरला पाणी अगदी शुद्ध लागतं. रस आटवून झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, कंडेन्सेट, ते गरम असतं, शुद्ध असतं, ते परत बॉयलरला द्यायचं म्हणजे पाणी पण वाचतं आणि उष्णता पण. जुन्या २१ किलोच्या बॉयलरला थोडं इकडंतिकडं चालून जायचं. इथं नाही. त्या पाण्यात साखरेचा अंश जरी गेला तरी बॉयलरमध्ये तिचं ॲसिड होतं, पीएच खाली येतो, फेस होतो, फेसाबरोबर घाण सुपरहीटरमध्ये, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांत, आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाते. म्हणून लॅबवाले दर तासाला कंडेन्सेट तपासतात. परीक्षा साधी आहे, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, अल्फा नॅफ्थॉलचे चार-पाच थेंब, मग सल्फ्युरिक ॲसिड नळीच्या कडेने हळूच सोडायचं, ते जड असतं, खाली बसतं. साखर असेल तर दोन थरांच्या मधोमध जांभळी कडी उमटते.

रात्री अडीचला माझा फोन वाजला. लॅबमध्ये नवीन लागलेली केमिस्ट मुलगी होती, बीएस्सी करून आलेली, महिना-दीड महिना झाला असेल. "सर, जांभळं आलंय. तीनदा करून बघितलं." शिफ्टवाल्यांनी तिला सांगितलं होतं की नळी नीट धुतली नसशील, सकाळी बघू. ती थांबली नाही, तिने सरळ मला फोन लावला. मी गेलो, स्वतः केलं, लायटीसमोर नळी धरली, तर बारीक, रेशमाच्या दोऱ्यासारखी जांभळी कडी. आम्ही ताबडतोब ते पाणी बॉयलरला जायचं बंद करून गटारात सोडलं. त्याच्या जागी डीएम प्लांटचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी द्यायचं, पण तो प्लांट काय एवढं पाणी पुरवायला बांधलेला नसतो, टाकीची लेव्हल डोळ्यांदेखत उतरत होती. लोड कमी केला, गिरणी मंद केली, पहाटेपर्यंत वजनकाट्याच्या बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, बैलगाडीवाले शेकोट्या करून बसले, ऊस वाळतोय म्हणून शिव्या देत होते आणि त्यांचं बरोबरच होतं.

कारण सापडलं सकाळी नऊला. आदल्या दिवशी गिरणी दोन तास बंद पडली होती. रस आटवायच्या पहिल्या बॉडीत, म्हणजे पहिल्या भांड्यात, एका ट्यूबला चीर होती. एरवी वाफेचा दाब जास्त, त्यामुळं रस वाफेच्या बाजूला येऊ शकत नाही, पण गिरणी बंद पडली, वाफ उतरली, आणि चिरेतून रस पलीकडं झिरपला. परत सुरू केल्यावर तोच पाण्याबरोबर बॉयलरकडं निघालेला. ट्यूबला प्लग मारला, दुपारी पुन्हा पूर्ण गाळप. जर सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं ते सांगायला नको, हंगाम तिथंच संपला असता, आणि रानात उभा ऊस कुणाच्या दारात टाकायचा होता? त्या मुलीला पुढं आम्ही पुण्याला मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये कोर्सला पाठवलं. माझ्या मते त्या वर्षी कारखान्याने केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच होता.

आता पैशाचं. सुरुवातीच्या वर्षांत विजेचा दर वाढत गेला, युनिटला सहा रुपयांच्या पुढं गेला, त्यावर कर्जाचे हप्ते बसत होते. नंतर टेंडरची पद्धत आली आणि दर पावणेपाच-पाचच्या आसपास घसरले. सोलर स्वस्त झालं, वीज कंपनी म्हणते आम्ही तुम्हाला जास्त का द्यावं, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही खोटं नाही. शेवटी २०२४ मध्ये सरकारला युनिटमागं दीड रुपया अनुदान जाहीर करावं लागलं. पण एक लक्षात घ्या, दर पडला म्हणून आमचं टर्बाइन बंद पडलं नाही. कारण रस तर आटवायचाच आहे, वाफ तर लागणारच आहे, चिपाड तर दारातच पडतंय. वीज हे वरचं उत्पन्न, कमी झालं तर दुखतं, पण जीव जात नाही.

याउलट नुसत्या विजेसाठी उभे केलेले बायोमास प्लांट बघा. पऱ्हाटी, तुराट्या, भुसा असं सगळं बाहेरून विकत आणायचं, दहा मेगावॅटचे कितीतरी सुरू झाले आणि कितीतरी बंद पडले. होतं काय, की पहिल्या वर्षी पऱ्हाटी लोक फुकट देतात, म्हणतात घेऊन जा बाबा, रान मोकळं होतंय. प्लांट सुरू झाला की तिला भाव येतो, मधे दलाल येतात, मग वीटभट्टीवाले आणि दाबून जळणाचे ठोकळे करणारे ब्रिकेटवाले पण मागायला लागतात. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागा खाणारी, ट्रॉली भरून दिसते पण काट्यावर काहीच नाही, तीस-चाळीस किलोमीटरवरून आणली तर डिझेलच परवडत नाही. आणि मिळते दोन-तीन महिने, साठवायची वर्षभर, अवकाळी पावसात भिजली की संपलं. एवढं करून बॉयलरमध्ये घातलेल्या उष्णतेतला चौथा हिस्सा, तोही जमला तर, विजेत येतो. बाकीचा बराचसा कूलिंग टॉवरवरून ढगात जातो. लोकांना तो पांढरा धूर वाटतो, पण ती शेतकऱ्याची पऱ्हाटीच असते, गरम होऊन वर चाललेली.

आणि एक मला मनापासून वाटतं ते. उसाचं पाचट पण बॉयलरला आणा असं मधेमधे कोणीतरी सुचवतं, बेलर घेऊन गठ्ठे बांधायचे वगैरे. आम्ही एक हंगाम थोडं करून बघितलं. पाचटात पोटॅश आणि क्लोरिन असतं, सुपरहीटरच्या ट्यूबवर काचेसारखा थर जमतो, तो काढायला माणसं छिन्नी-हातोडा घेऊन आत. पण ते बाजूला ठेवा, खरं कारण दुसरं आहे. पाचट जमिनीचं आहे. आमच्याकडची रानं आधीच खारपड होत चाललीत, सेंद्रिय कर्ब राहिला नाही, आणि तिथलं पाचट पण उचलून आणून जाळायचं हे मला पटत नाही. पेटवू नका, सरीत कुट्टी करून कुजवा. चिपाड रस काढल्यावर उरतं, ते कारखान्याने घ्यावं. पाचट रानाने. तुमच्याकडं कुटाराचं पण असंच आहे बघा, सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, दुष्काळात त्याच्यासाठी भांडणं होतात, ते बॉयलरच्या यादीत धरूच नका. तुराट्या आणि पऱ्हाटी धरा.

तर पोरांनो, वाफेचं गिऱ्हाईक. मी फोनवर विचारलं तुमच्या भागात गरम कशाला लागतं, तर तुम्ही म्हणालात आमच्याकडं काय थंडी नाही काका. अरे थंडी नाही पण हळद आहे ना! वसमतची हळद. फेब्रुवारीपासून शिजवायला सुरुवात, ट्रॅक्टरमागं तो छोटा बॉयलर आणि ड्रम घेऊन माणसं रानोरान फिरतात, खाली लाकूड, बाभळी तोडून तोडून बाभळी राहिल्या नाहीत. मग शिजवलेली हळद उन्हात दहा-पंधरा दिवस, त्यात अवकाळी आला की काळी पडते, भाव जातो. हे शिजवणं आणि वाळवणं म्हणजे वाफ, निव्वळ वाफ, आणि ती पण कमी दाबाची. ऑक्टोबरात परतीच्या पावसात सोयाबीन ओलं येतं आणि आडतवाला मॉइश्चर दाखवून भाव पाडतो, तिथं पण गरम हवा लागते. डाळमिलला तूर वाळवायला लागते. या सगळ्यांची बेरीज केली तर वर्षातले सात-आठ महिने कुणालातरी उष्णता पाहिजे आहे. आधी तेवढ्याच मापाचा बॉयलर बसवा, तुराट्यांवर चालणारा, दोन मेगावॅट वगैरे विसरा. एक-दोन हंगाम तो नीट चालू द्या, जळण कोण आणतं, काय भावाने आणतं, ओलं किती येतं, पैसे किती दिवसांत द्यायचे, हे बसू द्या. टर्बाइन त्यानंतर, छोटं, डाळमिल आणि हळदीचं पॉलिश मशीन चालेल एवढंच. फक्त बॉयलर घेताना दाब थोडा वरचा घ्या म्हणजे पुढं टर्बाइनला उपयोगी पडेल, आणि पाण्याकडं पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, तुमचं बोअरचं पाणी जड असणार.

काल संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सॲप आला. वहीच्या पानाचा फोटो आहे, गेल्या हंगामात गावातल्या चार शिजवणीवाल्यांनी किती लाकूड जाळलं ते घरोघर जाऊन विचारून लिहिलंय, दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून पेनने गोल केलाय. खाली विचारलंय, काका, क्विंटल ओल्या हळदीला किती वाफ धरायची? मी सांगितलंय धरायची नाही, मोजायची. फेब्रुवारीत पहिला ड्रम लागला की वजनकाटा घेऊन येतो, लाकूड तोलू, ड्रममधलं पाणी तोलू, हळद आधी आणि नंतर तोलू. राहायची सोय एकाच्या आत्याकडं करतो म्हणालेत.